दुसरी ओळ

शिवलकर सरांचं पत्र शनिवारी दुपारच्या टपालाने आलं आणि मरियमने ते दारातच उभ्याउभ्या वाचलं. हातात मोबाइल येऊन सरांना दोन वर्षं झाली होती. पण महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर सर अजून पत्रच लिहायचे, तेही निळ्या शाईने आणि समास सोडून.

'चि. मरियम, अनेक आशीर्वाद. या महिनाअखेर मी निवृत्त होतोय. केंद्रात झालेल्या सगळ्या कामाचा एक अहवाल छापतोय. तुझ्या मिरचीच्या प्रयोगाचं पानही त्यात आहे. जुन्या नोंदवहीत त्या पानाखाली मी जे लिहिलं होतं तेच छापलं जाईल : दुसरी ओळ बिघडली. कारण, विद्यार्थिनीचा हात कच्चा. तुला याहून काही वेगळं सांगायचं असेल तर सोमवारपर्यंत सांग. मंगळवारी मजकूर छापखान्यात जाईल.'

हात कच्चा! आठ वर्षं झाली, पण ते दोन शब्द वाचले की मरियमच्या कानशिलांत अजून रक्त चढायचं. रत्नागिरीतल्या राजिवड्याची पोर ती. बाप इद्रीस मुकादम जहाजावर इंजिनखोलीत कामाला, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी तीच. माणसाला मूर्ख म्हणा, आळशी म्हणा, तो विसरेल. पण जिने दोन वर्षं हात धुऊन धुऊन कातडी सोलून घेतली तिला म्हणायचं हात कच्चा? आणि आता ते छापून येणार, केंद्राच्या कपाटात कायमचं जाऊन बसणार!

प्रयोग काय होता तेही सांगायला हवं. ते सांगणं तसं कठीण नाही. विठूकाकाला कळला होता, मग कोणालाही कळेल.

मिरचीला एक रोग येतो. पानांवर हिरव्यापिवळ्याची नक्षी उठते, शेंडा आखडतो, मिरच्या वाकड्यातिकड्या होतात. हे काम एका विषाणूचं. विषाणू म्हणजे एवढासा जीव, जीव तरी म्हणावं की नाही कोण जाणे. त्याच्या पोटात एक लांबलचक धागा, नि त्या धाग्यावर पाच प्रथिनं तयार करायचा मजकूर. चारांची कामं ठरलेली. दोघं विषाणूच्या नकला काढतात, एक त्याला या पेशीतून त्या पेशीत नेतो, एक त्याचा अंगरखा शिवतो. राहिला पाचवा. त्याचा मजकूर धाग्यावर अगदी स्वच्छ लिहिलेला, पण आजारी झाडाचं पान कितीही वाटा, गाळा, तपासा, पाचवा काही कोणाच्या हाती लागायचा नाही. तो आहे की नाही, असला तर करतो काय, हे भल्याभल्यांना ठाऊक नव्हतं.

"रेशनकार्डावर नाव आहे," शिवलकर सर म्हणायचे, "पण घरात माणूस कोणी पाहिलेला नाही."

"म्हंजे मुंबैला असंल," विठूकाका म्हणाला होता. सर एवढे कडक, पण त्या दिवशी चष्मा काढून हसले होते.

हे सगळं अठ्ठ्याण्णव ते दोन हजार सालातलं. केंद्र म्हणजे पिकांच्या रोगांचं संशोधन केंद्र, रत्नागिरीबाहेर सड्यावर. सडा म्हणजे नुसता उघडा जांभा दगड, चार खोल्यांची बसकी इमारत आणि मागे जाळीघर, मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीचं. आत माशीसुद्धा जाता कामा नये. वीज दिवसातून तीनदा जायची. विषाणू थंडीत ठेवायचा तर बर्फ हवा, म्हणून मरियम सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीचा बर्फ डब्यात भरून घ्यायची आणि डबा मांडीवर धरून एस.टी.ने यायची. शेजारची बाई नाक वर करून विचारायची, "बांगडा काय भाव दिलान?" मरियम म्हणायची, "आज नुसता बर्फच." बाईला ते कधी खरं वाटलं नाही. आज ती बाई भेटली असती तर मरियमने तिला मिठीच मारली असती, इतके ते दिवस तिला आठवायचे.

आणि विठूकाका! तो केंद्राचा माळी. गाव मालगुंड. सोमवार ते शनिवार केंद्राच्या मागच्या खोलीत राहायचा आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी जायचा. पहिल्याच दिवशी सरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "विठू, तंबाखूच्या पानात या विषाणूचा सख्खा भाऊ राहतो. तू तंबाखू मळणार आणि त्याच हाताने रोपाला हात लावणार. मग पोरीचा प्रयोग संपला." विठूकाकाने काही वाद घातला नाही. कमरेची चंची काढली, मागच्या खड्ड्यात झटकली आणि कानाला खडा लावला. तीस वर्षांची सवय हो! पुढचे दोन महिने तो बडीशेप चघळत, चिडचिड करत फिरायचा, पण तंबाखू नाही म्हणजे नाही.

दुसरा नियम दुधाचा. दुधाने हा विषाणू लुळा पडतो, त्यामुळे रोपाला शिवण्याआधी साबणाने हात धुवायचे आणि मग दुधाच्या भांड्यात बुडवायचे. विठूकाकाला हे पटायला आठवडा लागला. "चायमधी घालायला दूध नाय, नि आमी हात बुडवतोय दुधात! पेशवे झालो पेशवे," म्हणायचा. पण बुडवायचा. मरियमने पाहिलं नाही असं वाटलं तर पुन्हा बुडवून दाखवायचा.

जाळीघरात तीन ओळी, एकेका ओळीत वीस कुंड्या. पहिल्या ओळीला पुरा विषाणू द्यायचा, पाचही जणांसकट. दुसऱ्या ओळीला पुण्याच्या प्रयोगशाळेने तयार करून दिलेला, पाचव्याचा मजकूर खोडलेला. तिसऱ्या ओळीला नुसतं पाणी. द्यायची रीत अशी की कुरुंदाची बारीक पूड पानावर भुरभुरायची आणि ओल्या बोटाने हलकेच घासायचं. पुडीने पानाला न दिसणारे ओरखडे पडतात आणि तेवढ्या वाटेने विषाणू आत जातो. पहिली ओळ दहा दिवसांत पिवळी पडली. तिसरी अर्थातच हिरवी. जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्या ओळीसाठी. पाचवा नसेल तर रोग येतो की नाही? आला तर पाचवा बिनकामाचा. नाही आला तर तो न दिसणारा पाचवाच सगळ्यांचा म्होरक्या, आणि हे जगात पहिल्यांदा सांगणार कोण? तर राजिवड्याची मरियम मुकादम!

तीन आठवडे झाले, चार झाले, दुसरी ओळ हिरवीगार. पाचव्या आठवड्यात पुण्याहून पाहुणे आले. त्यातल्या एक बाई दुसऱ्या ओळीपाशी थांबून म्हणाल्या, "काय तेज आहे हो या रोपांवर! दृष्ट लागेल अगदी." मंडळी गेली. मरियमच्या अंगात आनंद मावत नव्हता. इकडेतिकडे बागडत काहीबाही बोलत होती, आणि मग गुणगुणत बर्फाचा डबा धुवायला गेली.

सातव्या आठवड्यात, एका सोमवारी, दुसऱ्या ओळीतल्या तीन कुंड्या पिवळ्या पडलेल्या दिसल्या. पुढच्या सोमवारी नऊ. मग सगळ्या.

तिने प्रयोग पुन्हा लावला. पुन्हा तेच, काही आठवडे हिरवी आणि मग पिवळी. तिसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदाही तेच. पानं पुण्याला तपासायला गेली आणि उत्तर आलं : दुसऱ्या ओळीच्या झाडांत पुरा विषाणू आहे, पाचव्यासकट. म्हणजे बाहेरून आलेला.

"पहिल्या ओळीतून दुसरीत गेला," सर म्हणाले. "तुझ्या हाताने."

"सर, मी आधी तिसरी ओळ करते, मग दुसरी, शेवटी पहिली. रोज. दुधात हात बुडवून. आणि माझ्या हातानेच जायचा तर तिसरी ओळ कशी वाचली?"

उत्तर नाही म्हणून सर नोंद मोकळी सोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी निळ्या शाईत दोन शब्द लिहिले आणि वही मिटली. शिष्यवृत्तीची मुदत संपली. अब्बांची जहाजाची नोकरीही त्याच साली सुटली. मरियम रत्नागिरीतल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तिचं नाव आयात. मुली काचपट्टीला हात लावायला गेल्या की अजूनही तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं, "हात धुतलेत?" मुली मागून तिची नक्कल करायच्या. तिला ते ठाऊक होतं.

पत्र वाचून झाल्यावर एक गोष्ट आठ वर्षांनी पुन्हा तिच्या मनात आली. जाळीघराच्या दोनच किल्ल्या होत्या, एक तिच्याकडे आणि एक विठूकाकाकडे. तिचे हात स्वच्छ होते हे ती कुराणावर हात ठेवून सांगू शकत होती. मग राहिलं कोण? विठूकाकाने चोरून तंबाखू सुरू केली असेल का? हा विचार तेव्हाही आला होता आणि तेव्हाही तिने तो झुरळासारखा झटकला होता. सड्यावरच्या उन्हात स्वतःच्या डोक्यावरचा टॉवेल काढून तिच्या रोपांवर धरणारा माणूस तो! पण सोमवारी उत्तर द्यायचं होतं. निदान त्याला एकदा विचारायला नको? निवृत्त होऊन तो दोन वर्षं मालगुंडलाच होता.

रविवारी तिने सहा वर्षांच्या आयातला घेतलं आणि मालगुंडची गाडी धरली.

विठूकाका अंगणात केळीच्या सोपटाच्या दोऱ्या काढत बसला होता. केस पिकले होते, बाकी माणूस तोच. मरियमला पाहून तो उठला तो हातातली दोरी टाकायचीही विसरला. "मरियमबाय! अगो मथुरा, बघ कोण आलाय! नि ही? ही तुमची? अगो बाय माझी, डोळे बघ कसे, अगदी आईचे!"

मथुराकाकीने घावन घातले. आयातने अर्धा खाल्ला आणि किरकिर करत आईच्या मांडीत तोंड खुपसलं. गाडीत बायकांनी तिचे गाल ओढून ओढून लाल केले होते. मरियमने आपला घावन तसाच बाजूला सारला. ज्याच्या घरचं खातोय त्याच्यावरच संशय, हे तिला कसंसंच वाटत होतं. शेवटी तिने डोळे मिटून विचारलं, "काका, रागावू नका. खरं सांगा. तेव्हा प्रयोग चालू असताना तुम्ही तंबाखू परत सुरू केली होतीत का?"

विठूकाका तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं मरियमला वाटलं.

उत्तर मथुराकाकीने दिलं, तेही चुलीपासून, तावातावाने. "तंबाखू? त्या दिवसापासनं तोंडात घातली नाय यांनी. यांची काय घेऊन बसल्याव, माझी मशेरी पण बंद केलीन! बोलले, मी घरी येतो, तुझा हात माझ्या भाकरीला लागतो, नि मी सोमवारी जातो झाडांकडं. दोन वरसं मी कोळशानं दात घासले तुमच्या मिरच्यांसाठी!"

मरियमने दोन्ही हात जोडले. "चुकले, काकी."

"चुकल्याव कशाला," विठूकाका म्हणाला. "इचारायलाच पायजे. शास्तर हाय ते." मग त्याने आयातकडे बघून मान हलवली. "पोरीला नजर लागली. घावन टाकलान बघा. गाडीत कोणीतरी काळ्या जिभेचा भेटला असणार. मथुरा, मीठ-मिरची आण."

मरियम नको म्हणाली नाही. तिची अम्मीही नजर उतरवायचीच. मथुराकाकीने मूठभर खडेमीठ आणि सात सुक्या लाल मिरच्या आणून दिल्या. विठूकाकाने त्या मुठीत धरल्या, ओठ घट्ट मिटले आणि आयातच्या डोक्यावरून सुरुवात केली. पण ओवाळली नाही. केसांवरून, खांद्यांवरून, दंडांवरून मूठ अंगाला घासत घासत पायाच्या अंगठ्यापर्यंत आणली. आयात गुदगुल्या होऊन खिदळायला लागली.

"अंगाला लावू नकात ओ!" मथुराकाकी ओरडली. "किती वेळा सांगितलं, नुसती ओवाळायची असते!"

विठूकाका गप्प. नजर काढताना बोलायचं नसतं. तीनदा उतरवून तो मागे न बघता चुलीपाशी गेला आणि मूठ विस्तवात टाकली. तडतड झाली, आणि मिरचीचा असा ठसका उठला की सगळे खोकत अंगणात धावले.

"गेली!" मथुराकाकी पदराने डोळे पुसत म्हणाली. "ठसका आला म्हंजे गेली. नजर असली ना, की मिरची जळली तरी वास येत नाय. मंग ठसका येईपर्यंत काढत ऱ्हायची."

"नि घासून काढली म्हणून गेली," विठूकाका म्हणाला. आता बोलायला मोकळा झाला होता. "नुसती ओवाळली की वरवरची जाते. शेंड्यापासनं बुडापर्यंत घासून आणली की मुळासकट. मरियमबायच्या झाडांची मी अशीच काढायचो."

अंगणात कोंबडी फडफडली. मरियम खाली बसली.

"माझ्या झाडांची?"

"व्हय."

"कुठल्या ओळीची, काका?"

"दुसरीची. पयली तर आजारीच, तिला कोण नजर लावतोय? तिसरी पाण्यावरची, गरीब बिचारी. तुमचा सगळा जीव दुसरीवर."

"कधी काढायचात?"

"झाडं तेजावर आली की दर शनवारी संध्याकाळी. पाणी घालून झालं की, गाडीला जायच्या आधी. रविवारी झाडं एकटी असायची ना. मन लागायचं नाय माझं हितं."

"आणि मिरच्या?"

"त्याच दिवशीच्या बाजारातल्या, ताज्या सुकवलेल्या. जुनी मिरची घेतली नाय कधी." मग तिचा चेहरा बघून त्याने घाईघाईने भर घातली, "हात दुधात बुडवून हां! दुधात बुडवल्याबिगर तुमच्या पानाला मी कदी हात लावला नाय."

हात दुधात बुडवलेले आणि मुठीत बाजारातली मिरची! मरियमला सगळं एका क्षणात दिसलं. सुक्या मिरचीच्या सालीत हा विषाणू वर्षानुवर्षं निवांत बसून राहतो. पाणी घातल्यामुळे पानं ओली, आणि मिठाच्या खड्यांचे त्या पानांवर बारीक ओरखडे. ती कुरुंदाच्या पुडीने जे करत होती तेच विठूकाका मिठाने करत होता, दर शनिवारी, शेंड्यापासून बुडापर्यंत, नेमक्या दुसऱ्या ओळीला. पाचव्याचा मजकूर खोडलेल्या त्या झाडांना त्याने मायेने पाचही जण आणून दिले होते. काखेत कळसा आणि आठ वर्षं गावाला वळसा!

"मला सांगितलं का नाहीत, काका?" तिचा आवाज चढलाच. "एका शब्दाने तरी सांगायचंत!"

"सांगायचं नसतं ते. काढताना बोलायचं नाय, मागं बघायचं नाय, नि काढली हे सांगायचं तर मुळीच नाय. आता झाडं ऱ्हायली नाय म्हणून तोंडातनं गेलं." तो गोंधळला होता. "नि तुमीच तर बोलल्याव. ती पुण्याची बाय बोलून गेली तेव्हा. 'काका, नजर लागेल हो माझ्या दुसऱ्या ओळीला, काढा एकदा.' ह्या शबुदात."

मरियमला आठवलं. बर्फाचा डबा हातात होता, ती हसत होती, आणि तेवढं एक वाक्य ती जाता जाता फेकून गेली होती. तिच्या लेखी ते हवेत विरलं. विठूकाकाने मात्र ते उचलून दोन वर्षं सांभाळलं होतं.

तिला वाटलं आता सांगून टाकावं. त्याला समोर बसवून, सर सांगायचे तसं, एकेक गोष्ट उलगडून. आपली आठ वर्षं कोणी खाल्ली ते त्यालाही कळू दे की! तिने तोंड उघडलंही. पण विठूकाका आपल्या तळव्यांकडे बघत होता.

"मीच कमी पडलो, बाय," तो म्हणाला. "घरी कोणाला बोललो नाय कदी. जाळीघरामागं शेगडी पेटवायचो, मिरच्या टाकायचो, नि वाट बघायचो ठसक्याची. दोन वरसांत एकदा पण ठसका आला नाय मला. तेवढी जबर नजर होती. मी बोलायचो, पुढच्या शनवारी येईल, पुढच्या शनवारी. नि झाडं गेली. तुमचं शिकणं अर्धं ऱ्हायलं. मोठी डाक्तर झाली असतीत तुमी. कोणी जाणता माणूस बोलवला असता तर वाचली असती झाडं. मलाच वाटलं, मी करीन."

मथुराकाकी आत जाऊन चुलीतला विस्तव उगाचच सारखा करायला लागली. मरियमने तोंड मिटलं. निघताना ती विठूकाकाच्या पाया पडली, आणि तो "अगो, अगो" करत मागे सरला. गाडीत ती रडली. स्वतःसाठी की त्याच्यासाठी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आयात तिच्या दंडाला टेकून झोपली होती आणि तिच्या केसांना मिरचीचा वास येत होता.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर ती सड्यावर गेली. जाळीघराची जाळी फाटून लोंबत होती. तिसऱ्या ओळीच्या जागी कोणीतरी मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या. दुधाचं ते जर्मनचं भांडं मात्र खिळ्याला अजून होतं, बुडाला भोक पडलेलं. तिने ते उगाच हातात घेतलं, पुसलं आणि परत लावलं. इथे ती तेवीस वर्षांची होती, आणि जगाला ठाऊक नसलेली एक गोष्ट शोधत होती. त्यानंतर तसं काही तिने कधी शोधलं नाही.

सर कागदांच्या ढिगाऱ्यात बसले होते. "ये. सापडलं काही?"

"सापडलं, सर. बाजारातली सुकी मिरची जाळीघरात आली होती. दर शनिवारी. दुसऱ्या ओळीच्या पानांना लागत होती, मिठाबरोबर."

सर हुशार माणूस. त्यांना फोड करून सांगावं लागलं नाही. "मीठ," ते पुटपुटले, "कुरुंदाच्या जागी मीठ." आणि मग एकदम ताठ झाले. "म्हणजे मिरची येण्याआधी दुसरी ओळ..."

"निरोगी होती, सर. तिन्ही वेळा. पाचवा नसेल तर रोग नाही. निदान आपल्या जाळीघरात तरी नाही."

सरांनी जुनी वही ओढली, ते पान काढलं, आणि 'हात कच्चा' वर आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली नाही. "आठ वर्षं," ते म्हणाले. "मी तुझी आठ वर्षं..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता कारण लिहायला हवं. मिरची आणली कोणी?"

"मी, सर. लिहा : विद्यार्थिनीने सुक्या मिरच्या आत आणवल्या."

"तू? शनिवारी तर तू दुपारीच निघायचीस."

"माझ्याच सांगण्यावरून आल्या. माझंच नाव लिहा."

सरांनी पेन खाली ठेवलं. ते उठून खिडकीपाशी गेले. खिडकी जाळीघराकडे उघडायची, आणि संध्याकाळचा समुद्रावरचा वारा जाळीघरावरून सरळ आत यायचा. "शनिवारी संध्याकाळी इथे बसवत नसे," ते हळूच म्हणाले. "मिरचीचा असा ठसका यायचा की डोळ्यांतून पाणी. मी समजायचो, विठू जायच्या आधी फोडणी टाकतोय. कितीदा चिडून खिडकी लावून घेतली असेल."

"ठसका यायचा, सर?" मरियम उभी राहिली. "नक्की? दर शनिवारी?"

"अगं, दर शनिवारी! का?"

मरियम आधी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. सर घाबरून पाण्याचा पेला शोधायला लागले. रडू आवरल्यावर तिने विठूकाकाच्या ठसक्याची गोष्ट सरांना सांगितली. मग सर पुन्हा खुर्चीत बसले आणि तिने आधी लिहायला सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द, निळ्या शाईत लिहिलं.

शुक्रवारी सरांचा निरोपसमारंभ झाला. विठूकाकाचाही सत्कार होता. इस्त्रीच्या सदऱ्यात तो अंग चोरून बसला होता, खांद्यावर शाल, हातात नारळ. सरांनी भाषणात सांगितलं की या माणसाने केंद्रासाठी तंबाखू सोडली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी मरियम आयातला घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, एक सांगायचंय. तुम्ही शेगडी कुठे पेटवायचात? जाळीघराच्या कुठल्या बाजूला?"

"समुद्राकडच्या. वाऱ्याला पाठ करून. का?"

"ठसका यायचा, काका. वारा सगळा ठसका पलीकडे न्यायचा, सरांच्या खिडकीत. सर खोकून खोकून बेजार व्हायचे. विचारा हवं तर."

विठूकाकाने सरांकडे पाहिलं. सर लांबून, चहाचा कप हातात धरून, गंभीरपणे मान हलवत होते.

"दर शनवारी?"

"दर शनिवारी."

"म्हंजे... गेली होती?"

"पहिल्याच शनिवारी गेली होती, काका. तुम्ही कुठेच कमी पडला नाहीत. झाडं गेली ती माझ्या एका चुकीने. ते आता अहवालात छापून येतंय, माझ्या नावानिशी."

विठूकाकाने शालीच्या टोकाने तोंड पुसलं, मग डोळेही पुसले. "सरांच्या खिडकीत," तो पुटपुटला. "आणि मी बोलतो ठसका येत कसा नाय!" मग त्याने मांडीवरचा नारळ उचलून आयातच्या दोन्ही हातांत दिला.

"सांबाळून धर गो," तो म्हणाला. "जड हाय."